समितीत बसणाऱ्याचा धंदा आम्हाला कळू द्या

प्रति,
माननीय अध्यक्ष, लोकसभा,
माननीय सभापती, राज्यसभा,
आणि दोन्ही सभागृहांतील सर्व पक्षांचे गटनेते,
संसद भवन, नवी दिल्ली.

विषय : संसदीय समित्यांच्या सदस्यांचे हितसंबंध आणि कंपन्यांचे लॉबिंग जाहीर करण्याबाबत.



१ एप्रिल २०१५ या दिवसापासून देशातल्या सिगारेट, बिडी आणि तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर दोन्ही बाजूंनी ८५ टक्के जागेत कर्करोगाचे चित्र आणि इशारा छापला जाणार होता. आरोग्य मंत्रालयाने तशी अधिसूचना १५ ऑक्टोबर २०१४ रोजी काढली होती. कंपन्यांना तयारीसाठी साडेपाच महिने दिले होते. तोवर इशारा असायचा तो पाकिटाच्या फक्त दर्शनी बाजूला, चाळीस टक्के जागेत. मागची बाजू कंपनीची. १ एप्रिल उजाडला आणि काहीच बदलले नाही. लोकसभेच्या उपविधान समितीने, आमचा अभ्यास पूर्ण होईपर्यंत अंमलबजावणी थांबवा, असे सुचवले आणि मंत्रालयाने अवघे काही दिवस उरलेले असताना आपलीच अधिसूचना बाजूला ठेवली.

ही समिती सामान्य माणसाला ठाऊक नसते. तिचे पंधरा सदस्य लोकसभेचे अध्यक्ष नेमतात. संसदेने केलेल्या कायद्याखाली सरकार जे नियम बनवते ते कायद्याच्या चौकटीत आहेत की नाहीत, हे तिने पाहायचे. काम रुक्ष वाटते, पण खरी सत्ता तिथेच असते. तंबाखूचा कायदा २००३चा. पाकिटावर इशारा असावा एवढे त्यात आहे. तो केवढा असावा, कोणत्या बाजूला, कोणत्या चित्रासह आणि कधीपासून, हे सगळे नियमांत ठरते. कायदा होताना वाहिन्यांचे कॅमेरे असतात, भाषणे होतात. नियम होताना कोणीच नसते. कंपन्यांना हे आपल्यापेक्षा फार आधी उमगले आहे, आणि पाणी मुरते ते इथे.

त्या वेळी या समितीचे अध्यक्ष होते आमच्या अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कर्करोग होतो हे सिद्ध करणारा भारतीय अभ्यास नाही, जे आहेत ते परदेशातले, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. बिडी आणि तेंदूपानावर कोट्यवधी लोकांचे पोट आहे, हेही सांगितले. समितीचे एक सदस्य होते अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता. त्यांचा बिडीचा मोठा कारखाना होता. एकामागून एक बिड्या ओढूनही काहीही न झालेली माणसे मी तुमच्यासमोर उभी करतो, असे त्यांचे म्हणणे होते. बिडीच्या पाकिटावर काय छापावे हे ठरवणाऱ्या समितीत बिडीचा कारखानदार बसला होता, आणि कोणताही नियम त्याच्या आड आला नाही. देशभर टीका झाली ती वर्तमानपत्रांनी हे उघड केल्यावर.

दोघेही आज हयात नाहीत. गेलेल्या माणसांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. ती जागा, ती रीत आणि ते बंद दार आजही तसेच आहे, म्हणून लिहिते आहे.

भारतीय अभ्यास नाही, हे विधान मला फार लागले. १९४४ साली डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला आणि तंबाखू चघळण्याच्या सवयीकडे बोट दाखवले. १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी काय संबंध आहे, हे त्यात इथल्याच रुग्णांवरून मांडलेले होते. २००४ साली तर खुद्द केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने भारतातील तंबाखू नियंत्रणावर जाडजूड अहवाल काढला. हे सगळे इथले काम, त्यातले कितीतरी परळमध्ये झालेले. समितीने संसदेच्या ग्रंथालयात माणूस पाठवला असता तरी एका दिवसात हे सारे टेबलावर आले असते. मग ते का आले नाही? समितीच्या टेबलावर त्या काळात कोणाकोणाची निवेदने आली, कोण सदस्यांना भेटून गेले, कोणी कोणते आकडे पुरवले, हे आम्हाला माहीत असते तर या प्रश्नाला उत्तर मिळाले असते.

आणि ती वेळही आठवून पाहा. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आर. आर. आबा गेले. तासगावचा साध्या घरातला माणूस, राज्याचा गृहमंत्री झालेला, ग्रामस्वच्छता अभियानाने गावोगाव पोचलेला. तोंडाच्या कर्करोगाने वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी गेला. त्यांच्या तंबाखूबद्दल महाराष्ट्राला ठाऊक होते आणि त्या दिवसांत घराघरांत तेच बोलणे चालू होते. आबांना जाऊन दीड महिनाही झाला नव्हता, तोच याच महाराष्ट्राचा खासदार दिल्लीत पुरावा मागत होता.

परळला टाटा रुग्णालयाबाहेर कधीही जा. जळगाव, बुलडाणा, नांदेड, गोरखपूर, छपरा असे लांबून आलेले लोक फुटपाथावर पथारी टाकून असतात. दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. तिशी-चाळिशीतल्या पुरुषाच्या नाकातून नळी आलेली असते आणि तिचे टोक गालावर चिकटपट्टीने लावलेले असते. खालचा अर्धा जबडा काढलेला असल्याने तो तोंडावर टॉवेल धरून बसतो. बोलता येत नाही, तेव्हा वहीच्या पानावर लिहून दाखवतो. बायको मिक्सरमधून काढलेली पेज पिचकारीने त्या नळीत हळूहळू सोडते. पाकिटावरचे चित्र भेसूर आहे, ग्राहकाला त्रास होतो, अशी तक्रार कंपन्यांच्या वकिलांनी न्यायालयांत केली आहे. ते चित्र खऱ्यापेक्षा पुष्कळ सौम्य आहे.

बिडी कामगारांचा मुद्दा मला टाळायचा नाही, कारण तो खरा आहे. नगर, संगमनेर, सिन्नर, सोलापूर इथे हजारो बायकांचे घर बिडीवर चालते. ओली पाने मापाने कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, वळायची, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. हजार बिड्या व्हायला पहाटेपासून संध्याकाळ होते. मग कारखान्यात तपासणारा त्यातल्या काही बाजूला काढतो, त्यांचे पैसे मिळत नाहीत. घरभर तंबाखूची धूळ, पोरांना खोकला, बाईची मान आणि बोटे कायमची धरलेली. या बायकांच्या नावाने समितीपुढे गळा काढला गेला. पण पाकिटावरचा इशारा लहान राहिला म्हणून त्यांची हजारी मजुरी एका पैशाने वाढलेली मी ऐकली नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा बिडीवरचा कल्याण उपकर रद्द झाला. त्याच उपकरातून या बायकांचे दवाखाने आणि त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत होत्या. तेव्हा इतक्याच तळमळीने कोणती समिती धावून आली? कामगारांना दुसरे काम हवे, त्यासाठी पैसा आणि योजना हवी. त्यांची ढाल करून कारखानदाराचा धंदा वाचवणे हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय आहे.

पुढे काय झाले ते आपल्या दफ्तरी आहे, तरी थोडक्यात सांगते. प्रकरण राजस्थान उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने सरकारला धारेवर धरले आणि सरकारने १ एप्रिल २०१६ ही नवी तारीख दिली. मार्च २०१६मध्ये समितीचा अहवाल आला. ८५ टक्के फार कठोर, पन्नास टक्के करा, अशी त्यात शिफारस होती. सरकारने ती मानली नाही, हे सरकारच्या बाजूने नोंदवायला हवे. नियम लागू झाला त्याच दिवशी बड्या सिगारेट कंपन्यांनी संदिग्धतेचे कारण देत कारखाने बंद ठेवले. मे २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम पाळण्यास सांगितले. डिसेंबर २०१७मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने नियम रद्द केला आणि जानेवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. ज्या प्रश्नावर विज्ञान साठ-सत्तर वर्षांपूर्वी बोलून चुकले होते, त्यावर तीन वर्षे कज्जा चालला.

इशाऱ्याने काय साधते हेही आता दिसले आहे. पाकिटांवरील इशाऱ्यांच्या जागतिक क्रमवारीत भारत १३६व्या जागेवरून एकदम तिसऱ्या जागी गेला. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्यांपैकी जवळपास ६२ टक्के आणि बिडी ओढणाऱ्यांपैकी सुमारे ५४ टक्के लोकांनी, इशारा पाहून सोडावेसे वाटले, असे सांगितले. आधीच्या, २००९-१०च्या सर्वेक्षणात हेच आकडे ३८ आणि २९ होते. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही चित्र कळते. म्हणूनच ते चित्र लहान राहावे यासाठी एवढा आटापिटा होता. देशात तंबाखूमुळे वर्षाला तेरा लाखांवर माणसे मरतात. त्यांच्यापैकी किती जण एका वर्षाच्या दिरंगाईमुळे गेले, हे कोणी सांगू शकणार नाही. पण ती दिरंगाई कोणासाठी झाली, हे सांगता आले पाहिजे.

आता मुद्द्याचे. लोकसभेच्या कामकाज नियमावलीत २५५ क्रमांकाचा नियम आहे. समितीवरच्या सदस्याचा विषयात वैयक्तिक, आर्थिक किंवा थेट हितसंबंध असेल तर त्याच्या नेमणुकीला आक्षेप घेता येतो आणि निर्णय अध्यक्षांचा असतो. म्हणजे आधी कोणीतरी सहकारी खासदाराने वाईटपणा घेऊन उठायचे. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. संचालकपदे, मोबदल्याचे काम, कंपनीतला नियंत्रक हिस्सा, सल्लागारी, व्यावसायिक कामे असे पाच रकाने तीत असतात. लोकसभेत तशी नोंदवही नाही. राज्यसभेची आहे तीही सामान्य मतदाराला सहज उघडून पाहता येत नाही, माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो. निवडणुकीच्या वेळी प्रतिज्ञापत्रात मालमत्ता कळते, पण निवडून आल्यावर तो माणूस कोणत्या समितीत बसला आणि तिथे त्याचा काय धंदा गुंतला आहे, हे जुळवून दाखवणारी जागा कुठेच नाही. समित्यांच्या बैठका नियमानेच बंद दाराआड होतात. त्या तशा असाव्यात हे मला पटते. सदस्यांना पक्षाचा अभिनिवेश बाजूला ठेवून बोलता येते आणि संसदेतले सर्वांत चांगले काम अनेकदा याच खोल्यांत झाले आहे. चर्चा गुप्त राहू दे. त्या दाराआड कोणाचा धंदा बसला आहे, ते मात्र गुप्त राहता कामा नये.

लॉबिंग हा गुन्हा आहे असे मी म्हणत नाही. बिडी कामगारांची संघटना खासदाराला निवेदन देते, डॉक्टर देतात, ग्राहक पंचायत देते. कंपनीनेही द्यावे. लोकशाहीत ज्याचे त्याचे म्हणणे ऐकायलाच हवे. आक्षेप आहे तो आडून चालणाऱ्या कामाला. डॉक्टरांचे निवेदन वर्तमानपत्रात छापून येते, कामगारांचा मोर्चा रस्त्यावर दिसतो. उद्योगसंघांची शिष्टमंडळे कोणाला, कधी, काय सांगून गेली, त्याचा मागमूस राहत नाही.

आपल्याला हे दुसऱ्या देशाच्या दफ्तरातून कळावे, अशी नामुष्कीही आपण पाहिली आहे. डिसेंबर २०१२मध्ये किरकोळ व्यापारातल्या परकीय गुंतवणुकीवरून संसद गाजत होती, तेव्हा वॉलमार्टने अमेरिकेच्या सिनेटकडे दाखल केलेली कागदपत्रे पुढे आली. २००८पासून लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केल्याचे त्यात होते आणि ज्या अनेक विषयांसाठी हा खर्च झाला त्यांत भारतीय बाजारात प्रवेश हाही एक विषय होता. तिथल्या १९९५च्या कायद्याने कंपनीला हे लिहून द्यावेच लागते. आपल्याकडे गदारोळ झाला, निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची एक-सदस्यीय समिती नेमली गेली आणि काही महिन्यांनी तिचा अहवालही आला. ठोस काही हाती लागले नाही. लागणार कसे? इथे नोंद ठेवण्याची सक्तीच नव्हती. २०१३ साली ओडिशाचे खासदार कालिकेश सिंह देव यांनी लॉबिंग जाहीर करण्याचे खासगी विधेयक आणले. तेही खासगी विधेयकांच्या नेहमीच्या वाटेने गेले. १९७०नंतर संसदेने एकही खासगी विधेयक मंजूर केलेले नाही.

कंपन्या पक्षांना देत असलेल्या पैशाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवले आहे. एकच उदाहरण देते. मार्च २०१४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांना परकीय देणग्यांचा कायदा मोडल्याबद्दल दोषी धरले. देणग्या वेदांता समूहाशी संबंधित कंपन्यांच्या होत्या. मग वित्त विधेयकांतून त्या कायद्यातली व्याख्याच बदलण्यात आली, आणि २०१८ साली तो बदल थेट १९७६पर्यंत मागे नेण्यात आला. लोकसभेत त्या वर्षीचे वित्त विधेयक चर्चेविना मंजूर झाले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष इथे गप्प होते. २०१७ साली कंपन्यांनी किती देणगी द्यावी यावरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली, निवडणूक रोखे आणले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१७चे हे दोन्ही बदल रद्द केले. देणगी देणाऱ्याला धोरणापर्यंत पोचण्याची वाट मिळते, हे त्या निकालात स्पष्ट म्हटले आहे.

म्हणून माझी मागणी. लोकसभा अध्यक्ष महोदय, यासाठी नवा कायदा लागत नाही, सभागृहाच्या नियमांत दुरुस्ती पुरे. लोकसभेतही हितसंबंधांची नोंदवही सुरू करा आणि दोन्ही सभागृहांच्या नोंदवह्या संकेतस्थळावर ठेवा, म्हणजे तासगावच्या किंवा भुसावळच्या मतदाराला मोबाइलवर त्या वाचता येतील. ज्या सदस्याचा ज्या धंद्यात हिस्सा आहे त्या धंद्याचा विषय आला की त्याने उठून जायचे, कोणी आक्षेप घेण्याची वाट पाहायची नाही. बिडी कारखानदार असो, साखर कारखानदार असो किंवा खासगी मेडिकल कॉलेजचा मालक, नियम एकच. साखर कारखाने आणि कॉलेजे या दोन्ही बाबतींत आम्हा महाराष्ट्रीयांच्या घरात पुरेसे सापडेल, याची मला कल्पना आहे. आणि समितीचा अहवाल मांडताना त्याला परिशिष्ट जोडा : कोणाकडून लेखी निवेदने आली, कोणाला साक्षीला बोलावले, कोणाला बोलावले नाही, विषय समितीपुढे असताना कोणते उद्योगसंघ सदस्यांना भेटले. निवेदने जशीच्या तशी छापा. ज्याला आपले म्हणणे लोकांपुढे छापून यायला नको आहे, त्याचे म्हणणे समितीने तरी का ऐकावे?

गटनेत्यांना वेगळी विनंती आहे. समित्यांसाठी नावे तुम्ही सुचवता. विषयाचा जाणकार म्हणून धंदेवाल्यालाच पाठवण्याची सवय मोडा. जाणकार हवा तर त्याला साक्षीदार म्हणून बोलवा. निर्णय घेणाऱ्यांच्या खुर्चीत त्याला बसवू नका. केंद्राचे २०१४चे धोरण सांगते की विधेयकाचा आणि नियमांचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा आणि आलेल्या प्रतिक्रियांचा गोषवारा प्रसिद्ध करावा. ते पाळले नाही तरी काही होत नाही. ते बंधनकारक करण्याची मागणी तुम्ही सभागृहात करू शकता, सत्तेत असा वा नसा.

हे सगळे आता लिहिण्याचे कारण तंबाखूपुरते नाही. डबाबंद खाण्याच्या पाकिटावर साखर, मीठ आणि चरबी किती आहे हे समोरच्या बाजूला ठळक सांगावे की नाही, हा वाद दहा वर्षांहून जुना आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२मध्ये मसुदा काढला तो ताऱ्यांच्या मानांकनाचा. पदार्थ कितीही गोड किंवा खारट असो, त्याला काही ना काही तारे मिळणार. डॉक्टर आणि ग्राहक संघटना मागत आहेत तो सरळ इशारा, चिलीने २०१६पासून काळ्या अष्टकोनात छापायला लावला तसा. हजारो हरकती आल्या. एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांची मुदत घातली आणि ती पुरली नाही. मुलांच्या दप्तरात रोज जाणाऱ्या पाकिटांचा हा प्रश्न आहे, आणि त्यामागची बाजारपेठ तंबाखूपेक्षा लहान नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालचे नियम संसदेपुढे ठेवावे लागतात. तेव्हा ते याच उपविधान समितीच्या हाती येऊ शकतात, याच बंद खोलीत.

त्या दिवशी समितीत कोण बसलेले असेल, त्याचा बिस्किटांचा, शीतपेयांचा की नमकीनचा कारखाना असेल, हे आम्हाला नियम लांबणीवर पडल्यानंतर वर्तमानपत्रातून कळायला नको. नोंदवही त्याच्या आधी उघडा. महाराष्ट्राच्या अठ्ठेचाळीस लोकसभा सदस्यांना आणि एकोणीस राज्यसभा सदस्यांना या पत्राची प्रत पाठवत आहे. येत्या अधिवेशनात त्यांच्यापैकी कोण ही मागणी सभागृहात मांडतो, याची मी वाट पाहीन, आणि वाचकांनीही आपापल्या खासदाराला पत्र लिहून हेच विचारावे.

आपली,
महाराष्ट्रातील एक मतदार